विश्लेषण : बँकॉकमध्ये पती, वडाळ्यात परके? परदेशातला समलिंगी विवाह भारतात का चालत नाही?

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला. समजा, वडाळ्यात अनेक वर्षे एकत्र राहणारे दोन पुरुष बँकॉकला गेले आणि रीतसर लग्न करून परतले. मुंबई विमानतळावर उतरल्यावर ते विवाहित ठरतील का? भारतीय कायद्याचे आजचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

प्रमाणपत्र का चालत नाही?

भारतीयांच्या परदेशातील लग्नांसाठी १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. देशात धर्माच्या पलीकडे जाऊन लग्न करण्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोन्हींत वराचे वय २१ आणि वधूचे १८ अशी अट आहे. म्हणजे विवाह स्त्री-पुरुषांतच होतो, हे कायद्याने गृहीत धरले आहे. त्यामुळे थायलंडचा कागद खरा असला, तरी महापालिकेच्या एफ उत्तर विभागात त्यावरून नोंदणी होत नाही. एकत्र राहणे मात्र गुन्हा नाही; सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजीच तसा निकाल दिला आहे.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगितले. विवाहाऐवजी ‘सिव्हिल युनियन’ला मान्यता देण्याची मागणी तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. कायदा करायचा तर तो विधिमंडळांनी, असा निकालाचा रोख होता. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

मुंबईत कोणता वाद सुरू आहे?

नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात ५० हजार रुपयांहून अधिक भेट मिळाली, तर ती उत्पन्न धरून तिच्यावर प्राप्तिकर लागतो. पती-पत्नीतील भेटीला ही सवलत आहे, समलिंगी जोडीदारांना नाही. या भेदभावाला एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर ॲटर्नी जनरलना नोटीस काढली.

अमेरिकेत हा प्रश्न कसा सुटला?

तिथे विवाहाचे कायदे राज्यागणिक वेगळे. ओहायोचे जिम ओबर्गफेल यांनी २०१३ मध्ये मरणासन्न जोडीदाराला विमानाने मेरीलँडला नेले आणि धावपट्टीवर उभ्या विमानातच लग्न केले. पण ओहायो राज्य मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचे नाव पती म्हणून लावायला तयार नव्हते. त्याविरुद्धचा लढा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि २६ जून २०१५ च्या निकालाने सर्व राज्यांना असे विवाह मान्य करावे लागले.

भारतात तोवर काय करता येते?

केंद्राने २०२४ मध्ये काही गोष्टी स्पष्ट केल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि एकमेकांना नॉमिनीही करता येते. शिधापत्रिकेसाठी ते एकाच कुटुंबाचे मानले जातात. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तर जोडीदाराला पार्थिवाचा ताबा मागता येतो.

मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, पण त्यांवर हक्क वारसांचा राहतो. मृत्युपत्र नसेल, तर वडाळ्यातले घर आई-वडील किंवा भावंडांकडे जाऊ शकते; वीस वर्षे सोबत राहिलेल्याला त्यात वाटा नाही. मुखत्यारपत्रावरही विसंबता येत नाही, कारण ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते.

म्हणून मृत्युपत्र सर्वांत महत्त्वाचे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. विवाहित जोडप्याला जे हक्क एका प्रमाणपत्राने मिळतात, त्यांतले थोडेफार मिळवायला या जोडप्यांना एकेक कागद जमवावा लागतो, आणि तोही हातीपायी धड असतानाच.