बाळाची शाळा

मुलांनो, तुमच्या घरी एखादे लहान बाळ आहे का? नसेल तर शेजारी किंवा खालाच्या घरी नक्की असेल. ते दिवसभर काय करते, जरा आठवून पाहा. तुम्ही त्याच्या हातात चमचा देता. ते चमचा खाली टाकते. तुम्ही उचलून देता, ते पुन्हा टाकते. असे पाच-सहा वेळा झाले, की तुम्ही चिडता आणि ओरडता, "अम्मी, हा बघ किती सतावतो!"

पण बाळ सतावत नसते, ते शिकत असते. चमचा सोडला की खालीच जातो. फरशीवर पडला तर खणकन वाजतो, गोधडीवर पडला तर वाजत नाही. आणि दर वेळी आपा तो उचलून देते! एका चमच्यातून बाळाला एवढ्या गोष्टी कळतात.

लहान मुलांची बुद्धी कशी वाढते, याचा अभ्यास झाँ पियाजे या शास्त्रज्ञांनी केला. त्यांचा जन्म १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. त्यांनी आपल्याच तीन मुलांचे अगदी लहानपणापासून बारकाईने निरीक्षण केले. त्यांची एक गंमत तुम्हीही करून पाहा. पाच-सहा महिन्यांच्या बाळासमोर एक खेळणे ठेवा आणि त्यावर रुमाल टाका. बाळ खेळणे शोधत नाही. जणू ते नाहीसेच झाले! आठ-नऊ महिन्यांचे बाळ मात्र रुमाल ओढून काढते. 'दिसत नाही, तरी ते तिथे आहे' हे त्याला उमगलेले असते. पुढच्या संशोधकांना असे आढळले, की बाळाला हे त्याआधीच थोडेथोडे कळू लागते. पण रुमाल बाजूला करून वस्तू घेण्याइतका त्याचा हात तयार झालेला नसतो.

आता पाच वर्षांच्या भावाला जवळ बोलवा. दोन सारख्या पेल्यांत सारखे सरबत ओता. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातले सरबत उंच, अरुंद पेल्यात ओता आणि विचारा, "जास्त कशात आहे?" तो बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवील. त्याला हसू नका. समजावून सांगण्याचाही फारसा उपयोग होत नाही. सात-आठ वर्षांचा झाला, की तोच तुम्हाला म्हणेल, "आपा, सरबत तर तेवढेच आहे!"

शरीराची वाढही अशीच क्रमाने होते. आधी मान सावरते, मग पाठ ताठ होते, बाळ बसते आणि त्यानंतर पाय उभे राहतात. हाताचेही तसेच. सहा-सात महिन्यांचे बाळ समोरची वस्तू सगळ्या मुठीने ओढते. वर्षाचे झाले, की अंगणात सांडलेला ज्वारीचा एकच दाणा अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत बरोबर पकडते. (आणि लगेच तोंडात घालते! म्हणून तुम्ही जवळच बसा.) लिहिण्यासाठी लागणारे बळ बोटांत यायला आणखी काही वर्षे जातात. तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर अलिफ-बे गिरवायला बसवण्यापेक्षा त्याच्या हातात कणकेचा गोळा द्यावा, असे मला वाटते.

"शेजारचे बाळ दहा महिन्यांत चालले, आपले अजून का चालत नाही?" अशी काळजी दादी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांत काही बाळे नवव्या महिन्यातच एकटी चालू लागली होती, तर काहींना सतरा महिने लागले. काही बाळे हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालू लागली! मात्र दीड वर्ष उलटूनही बाळ चालत नसेल किंवा आवाजाकडे वळून पाहत नसेल, तर वाट पाहत बसू नये. अंगणवाडीच्या ताईंना सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

अंगणवाडी! हा शब्द तुम्ही रोज ऐकता. त्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. परदेशी पद्धतीची महागडी साधने तिथे कुठून आणणार? म्हणून खडे, शिंपले, पाने आणि बिया हीच साधने झाली. बिया निवडता-निवडता मुलांची बोटे तयार झाली आणि मोजणीही आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

आपल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. आई-वडील फडात असतात, तेव्हा धाकट्याला कोण सांभाळते? बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची बहीण. तिची शाळा सुटते. कडेवरच्या बाळालाही रांगायला धड जागा मिळत नाही.

हीच अडचण ताराबाई आणि अनुताईंना कोसबाडच्या टेकडीवर दिसली. १९५७ साली त्यांचे काम तिथे गेले होते. आदिवासी मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरीच राहत, तर मुले गुरे चारायला जात. गुराख्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरवली. मोठी बहीण धाकट्याला घेऊनच येई. त्याला पाळणाघरात ठेवी आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसे. बाळ रडलेच, तर तिला ऐकू येईल एवढ्या अंतरावर.