महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध एम.व्ही. दाभोळकर

महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध एम.व्ही. दाभोळकर हा वकिलांच्या व्यावसायिक गैरवर्तनाविषयीचा भारतीय सर्वोच्च न्यायालयातील महत्त्वाचा खटला आहे. त्याचे निर्णय १९७५ मध्ये दोन टप्प्यांत झाले.

पार्श्वभूमी

मुंबईतील फौजदारी न्यायालयांच्या दाराशी काही वकील पक्षकारांची वाट पाहत उभे राहत. पक्षकार दिसताच त्याला गाठणे, कमी शुल्काचे आमिष दाखवणे आणि कामासाठी आपसांत झोंबाझोंबी करणे असे आरोप त्यांच्यावर होते. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने त्यांना दोषी ठरवून तीन वर्षांसाठी निलंबित केले. अपिलात भारतीय बार कौन्सिलच्या समितीने मात्र त्यांना दोषमुक्त केले. त्याविरुद्ध राज्य कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेले.

अपिलाचा अधिकार

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३८ नुसार निर्णयाने 'व्यथित' झालेल्या व्यक्तीस अपील करता येते. स्वतः शिक्षा देणारी संस्था व्यथित कशी, असा आक्षेप घेण्यात आला. सात न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला. राज्य कौन्सिल हे केवळ निवाडा करणारे मंडळ नसून व्यवसायाच्या प्रतिष्ठेचे आणि लोकहिताचे रक्षकही आहे, असे पीठाने ठरवले. अन्यथा समव्यावसायिकांनी चुकीने दिलेली दोषमुक्ती अनेकदा अंतिमच ठरली असती.

गैरवर्तनाचा अर्थ

नियम ३६ वकिलाला काम मागण्यास व जाहिरात करण्यास मनाई करतो. विशिष्ट व्यक्तीकडे, विशिष्ट प्रकरणासाठी काम मागितले तरच या नियमाचा भंग होतो, असा संकुचित अर्थ भारतीय बार कौन्सिलच्या समितीने लावला होता. न्या. व्ही.आर. कृष्ण अय्यर यांनी ३ ऑक्टोबर १९७५ च्या निर्णयात तो अमान्य केला. वकिली हा व्यापार नाही. लिखित नियमात न बसणारे वर्तनही कलम ३५ खाली गैरवर्तन ठरू शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

महत्त्व

कलम ३५ नुसार ताकीद, ठरावीक काळ निलंबन किंवा सनद कायमची रद्द करणे अशा शिक्षा देता येतात. बीडसारख्या जिल्ह्यातील वकिलाविरुद्धची तक्रारही राज्य बार कौन्सिलकडेच जाते. त्यामुळे कौन्सिलच्या लोकहितरक्षक भूमिकेचा संबंध गावोगावच्या पक्षकारांशी पोहोचतो. २००८ मध्ये नियम ३६ शिथिल करून वकिलांना संकेतस्थळावर मर्यादित माहिती देण्याची मुभा मिळाली; काम मागण्यावरील बंदी मात्र कायम राहिली.