चिकटलेल्या आतड्याला तीन दिवसांची संधी

पोट फुगलेले, उलट्या हिरवट, वाराही सरत नाही आणि पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण. अशा रुग्णाचे लहान आतडे बहुधा चिकटलेल्या तंतूंनी अडलेले असते. अपेंडिक्स, सिझेरियन किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर पोटातले नाजूक आवरण भरून येताना हे बंध तयार होतात. पोट उघडलेल्या बहुतेकांत ते राहतात, त्रास मात्र थोड्यांनाच देतात. बुलडाणा किंवा खामगावच्या रुग्णालयात सर्जन नाकातून नळी घालून ‘थांबून पाहू’ म्हणाले, की नातेवाइकांना ती टाळाटाळ वाटू शकते. पण हे थांबणे हाच उपचार आहे. पोटात रोज सात-आठ लिटर पाचकरस स्रवतात. अडथळ्यामागे ते साचले की आतडे फुगते आणि बंधापाशी अधिकच मुडपते. नळीने ते उपसले, तोंडाने काही दिले नाही, सलाईनमधून पाणी व पोटॅशियम भरून काढले, की सूज उतरून वाट मोकळी होऊ शकते. 1930च्या दशकात अमेरिकेतील सर्जन ओवेन वँगेनस्टीन यांनी हे उपसणे रूढ केले. आज पाण्यात विरघळणारे गॅस्ट्रोग्राफिन नळीतून देऊन एक्स-रे काढतात. ते 24 तासांत मोठ्या आतड्यात पोहोचले, तर ऑपरेशन बहुधा टळते.

थांबण्यात आतडे सडले तर? हा आक्षेप खराच आहे, म्हणून थांबण्याला अटी आहेत. ताप, वाढती नाडी, सतत तीव्र वेदना, पोट लाकडासारखे कडक होणे किंवा सीटी स्कॅनमध्ये रक्तपुरवठा तुटल्याची खूण यांपैकी काही दिसले, तर ऑपरेशनला उशीर नको. तसे नसेल, तर बोलोन्या येथे ठरलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे साधारण 72 तासांची मुदत देतात. बंध तसेच राहतात, त्रास पुन्हा उद्भवू शकतो, हेही खरे. ऑपरेशननंतर ती शक्यता काहीशी घटते. पण पोट पुन्हा उघडले की नवे बंध तयार होतात, आणि गुंता सोडवताना आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वेगळाच. व्रणच नसेल, तर हर्निया, क्षयरोग किंवा गाठ शोधावी लागते.

मात्र ही वाट पाहायची ती सर्जन, एक्स-रे आणि ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या सातपुड्यालगतच्या गावांतून निघायलाच उशीर झाला, तर ते 72 तास घरीच सरतात. म्हणून अशा रुग्णाला एरंडेल किंवा जुलाब देऊ नका, पोट चोळू नका. जुन्या ऑपरेशनचे कागद घ्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.