ॲल्युमिनियमचं वेल्डिंग का बिघडतं? समजून घ्या मशीनची सेटिंग

बीड जिल्ह्यातील नेकनूरसारख्या गावात लोखंडी गेट कुठेही जोडून मिळतं. पण दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन चिरला की अडतं.

कारण काय? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र सुमारे २,००० अंशांपर्यंत टिकतो. म्हणून टिग मशीन एसीवर चालवतात. या प्रवाहाची एक बाजू थर फोडते, दुसरी धातू वितळवते. हे प्रमाण 'बॅलन्स' ठरवतो. सहसा ३० टक्के सफाई, ७० टक्के वितळवणं. टंगस्टनचं टोक गोळा होऊ लागलं, तर सफाई कमी करावी.

ट्रिगर '२टी'वर असेल तर बटण दाबून धरावं लागतं. '४टी'वर दाबून सोडलं की आर्क चालू राहतो. लांब जोडासाठी हे सोयीचं. शेवटी करंट हळूहळू उतरवावा. एकदम तोडला, तर टोकाच्या खड्ड्यात चीर पडते आणि कॅन पुन्हा गळतो.