चांगला विमानतळ कोणाचा?

परदेशी जाऊन आलेला माणूस बोलू लागला, की पहिली दहा मिनिटे तो त्या देशाविषयी बोलत नाही, विमानतळाविषयी बोलतो. अमुक ठिकाणी गालिचे किती मऊ होते, तमुक ठिकाणी बॅगेसाठी किती ताटकळावे लागले, पाण्याची बाटली कुठे कितीला पडली. एके काळी आपल्याकडे हा मान रेल्वे स्थानकांना होता. कोणत्या स्टेशनवरचा वडा खावा आणि कोणत्या स्टेशनवर हमालाशी आधी दर ठरवून घ्यावा, हे घरोघरी ठाऊक असे. विमानतळांविषयीची मतेही याच जातीची. फरक एवढाच, की ही मते आता मोजली जातात, त्यांच्या याद्या छापल्या जातात, बक्षिसे वाटली जातात आणि नव्या इमारतींची जाहिरात त्या बक्षिसांच्या जोरावर होते.

गेली काही वर्षे मी ओळखीच्या प्रवाशांना एक प्रश्न विचारत आले आहे : तुम्ही पाहिलेला सर्वांत चांगला विमानतळ कोणता आणि सर्वांत वाईट कोणता? उत्तरे वहीत टिपत गेले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. एकच नाव दोन्ही रकान्यांत पुन्हा पुन्हा येत होते. मुलाला जो विमानतळ अप्रतिम वाटला, तोच त्याच्या आईला भयंकर वाटला होता. दोघेही खरे बोलत होते. मग हे मत नेमके कशाविषयी असते? आणि याद्यांमध्ये उतरते ते कोणाचे मत असते?

मते मोजण्याच्या रीती

जगात सर्वाधिक चर्चा होते ती लंडनच्या स्कायट्रॅक्स या संस्थेच्या यादीची. १९९९ पासून ती प्रवाशांची मते गोळा करते. मत ऑनलाइन आणि स्वेच्छेने द्यायचे असते, म्हणजे ज्याला सांगावेसे वाटते तोच सांगतो. दुसरी मोठी पाहणी विमानतळांच्या जागतिक संघटनेची, एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनलची. २००६ मध्ये सुरू झालेल्या तिच्या मुख्य पाहणीत निघण्याच्या गेटवर बसलेल्या प्रवाशाच्या हाती प्रश्नावली दिली जाते. रांगा, स्वच्छतागृहे, पाट्या, कर्मचाऱ्यांचे वागणे अशा बाबींना त्याने गुण द्यायचे. ही पद्धत पहिलीपेक्षा शिस्तीची आहे, पण ज्याला प्रश्न विचारायचे तो तोवर सगळ्या अडथळ्यांतून पार पडलेला असतो. बोर्डिंग पास हातात आहे, बॅग गेली आहे, समोर कॉफी आहे. ज्याचे विमान रांगेपायी चुकले, तो गेटवर नसतो.

स्कायट्रॅक्सच्या यादीत सिंगापूरचा चांगी २०१३ ते २०२० अशी सलग आठ वर्षे पहिला होता. त्यानंतर दोहाचा हमाद आणि चांगी यांच्यात पहिला क्रमांक फिरत राहिला : २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये हमाद, २०२३ आणि २०२५ मध्ये चांगी. चांगीत फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे, २०१९ मध्ये उघडलेल्या ‘ज्युएल’मध्ये छतातून ४० मीटर खाली कोसळणारा धबधबा आहे. हे सगळे वाखाणण्याजोगेच. पण या दोन विमानतळांत आणखी एक साम्य आहे, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. सिंगापूरला आणि कतारला देशांतर्गत विमानसेवाच नाही. सकाळी सातच्या विमानाने कामाला जाऊन रात्री परतणारा, घाईतला, वैतागलेला प्रवासी तिथे नाही. दोन विमानांमध्ये काही तास मोकळा सापडलेला प्रवासी तिथे मोठ्या संख्येने आहे. त्याला बाग आणि धबधबा पाहायला वेळ आहे, आणि विमानतळाला त्याला खूश ठेवण्याची गरज आहे, कारण पुढच्या वेळी तो दुबईमार्गे किंवा बँकॉकमार्गे जाऊ शकतो. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्यापुढे असा पर्याय नसतो. आपल्या गावच्या विमानतळाला गिऱ्हाईक टिकवण्यासाठी फुलपाखरे पाळावी लागत नाहीत.

वाट पाहण्याचे गणित

मत कशावर ठरते, याचे बरेचसे उत्तर ‘वाट पाहणे’ या एका क्रियेत आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यांची सूत्रे साधी आहेत. हात रिकामे असले, की वेळ लांबतो. किती थांबायचे ते ठाऊक नसले, की लांबतो. का थांबवले ते सांगितले नाही, की लांबतो. मागून आलेला पुढे गेला, की फारच लांबतो. घड्याळ सगळ्यांचे एकच असते, पण मनातली मिनिटे वेगळी असतात.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन विमानतळाचे उदाहरण याबाबत नेहमी दिले जाते. तिथे बॅगा उशिरा मिळतात, अशा तक्रारी येत. व्यवस्थापनाने माणसे वाढवली, सरासरी वेळ आठ मिनिटांवर आणला, तरी तक्रारी थांबेनात. मग कळले, की विमानातून उतरून पट्ट्यापाशी पोचायला प्रवाशाला एक मिनिट लागते आणि सात मिनिटे तो उभा राहतो. त्यांनी विमाने लांबच्या गेटवर लावली आणि बॅगा सर्वांत दूरच्या पट्ट्यावर पाठवल्या. प्रवासी आता सहापट चालू लागले. बॅगा पूर्वीच्याच वेळेत येत होत्या, पण तक्रारी जवळजवळ संपल्या.

ही गोष्ट ऐकून व्यवस्थापक हसतात. मला मात्र ती वाचताना गुडघे दुखणारी माणसे आठवतात. तक्रार संपली म्हणजे त्रास संपला असे नाही. सात मिनिटे उभे राहणे परवडले, एवढे चालणे नको, असे म्हणणाऱ्याचे मत त्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

वाईटपणाची कीर्ती

सर्वोत्तमांच्या यादीपेक्षा वाईटांची यादी अधिक चवीने वाचली जाते. विमानतळांवर रात्र काढणाऱ्या प्रवाशांच्या एका प्रसिद्ध मतचाचणीत मनिलाचे टर्मिनल एक २०११, २०१२ आणि २०१३ अशी तिन्ही वर्षे जगात सर्वांत वाईट ठरले. हे टर्मिनल बांधून झाले १९८१ मध्ये. चांगी उघडला तोही १९८१ मध्येच. मनिलाचे वास्तुकार लिआंद्रो लोक्सिन हे त्या देशाचे नामवंत कलावंत. मग इमारत एवढी बदनाम का झाली? ती वर्षाला ४५ लाख प्रवाशांसाठी आखली होती आणि गर्दी त्याच्या खूप पुढे गेली. भार हलका करणारे टर्मिनल तीन जवळपास बांधून तयार होते, पण कंत्राटाच्या वादात अडकून ते २००८ पर्यंत बंद राहिले. काही परदेशी विमान कंपन्या २०१४ मध्ये तिकडे हलवल्या, जुन्या टर्मिनलची डागडुजी झाली आणि बदनामीही ओसरू लागली. प्रवाशांनी दोष दिला तो गळक्या नळाला आणि मोडक्या खुर्चीला. खरा दोष होता न्यायालयात पडून राहिलेल्या फायलीचा.

वाईट मताचा कधी कधी उपयोगही होतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन म्हणाले, की डोळे बांधून एखाद्याला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर नेले, तर आपण तिसऱ्या जगातल्या देशात आलो असे त्याला वाटेल. त्याच महिन्यात ‘तिसऱ्या जगात’ल्या मुंबईत टर्मिनल दोनवरून विमाने सुटू लागली होती. हा योगायोग आपल्याला सुखावणारा आहे. पण लाग्वार्डियाच्या पुनर्बांधणीवर पुढे सुमारे ८ अब्ज डॉलर खर्च झाले आणि नवे टर्मिनल बी पुरस्कार मिळवू लागले, हेही त्याच गोष्टीचे उत्तरार्ध. लंडनच्या हीथ्रोचे टर्मिनल पाच २७ मार्च २००८ रोजी उघडले, तेव्हा बॅगांची यंत्रणा कोलमडली, पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणे रद्द झाली, हजारो बॅगा अडकल्या. तेच टर्मिनल पुढे अनेकदा जगातले सर्वोत्तम ठरले. म्हणून कोणाचेही मत ऐकताना पहिला प्रश्न विचारावा : तुम्ही तिथे कधी गेला होता?

घराजवळचा विमानतळ

दुसरा प्रश्न : तुमचे घर कुठे आहे? बर्लिनचा टेगेल विमानतळ जुना, दाटीचा, दुकानांच्या दृष्टीने गरीब होता. पण १९७४ मध्ये उघडलेल्या त्याच्या षटकोनी इमारतीत टॅक्सीतून उतरल्यावर काही पावलांवर तपासणी आणि त्यापलीकडे विमान, अशी सोय होती. नवा ब्रांडेनबुर्ग विमानतळ रखडत रखडत ३१ ऑक्टोबर २०२० रोजी उघडला. त्याआधी २०१७ मध्ये टेगेल सुरूच ठेवावा का, यावर बर्लिनकरांचे सार्वमत झाले, तेव्हा ५६ टक्क्यांहून अधिक मते ‘ठेवावा’ अशी पडली. सार्वमत बंधनकारक नसल्याने टेगेल त्याच नोव्हेंबरात, म्हणजे २०२० मध्ये बंद झाला. जागतिक यादीत तो वर कधीच नव्हता, तरी एका शहराने त्याला मत दिले होते.

आपल्याकडे गोव्यात हेच वेगळ्या रूपात दिसते. जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातल्या मोपावरून विमाने सुटू लागली. तो नवा, ऐसपैस आहे. सावंतवाडीच्या माणसाला तो अगदी दारातला वाटतो. मडगावच्या माणसाला मात्र नौदलाच्या धावपट्टीवरचा जुना दाबोळीच बरा, कारण उत्तर टोकापर्यंत जाण्याचा वेळ आणि टॅक्सीचे पैसे त्यालाच मोजायचे असतात. गेटवर दिलेल्या प्रश्नावलीत हा रस्ता मोजला जात नाही.

मुंबईचे टर्मिनल दोन तर या विषयाचा उत्तम नमुना आहे. मोरपिसाची आठवण देणारे पांढरे खांब आणि राजीव सेठी यांनी मांडलेले ‘जय हे’ हे सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या भिंतीवरचे कलादालन पाहून परदेशी पाहुणे थक्क होतात. पण त्याच विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरी २०१८ मध्ये एका दिवसात तिथे हजारावर विमाने चढली-उतरली. वैमानिकांच्या आणि नियंत्रण कक्षाच्या कौशल्याला सलाम करावा, पण आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानात बसलेल्याला खालची कलाकुसर दिसत नाही.

ज्यांना कोणी विचारत नाही

माझ्या वहीतली सर्वांत वेगळी उत्तरे आली ती साठी-सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांची. मुलगी न्यू जर्सीत, नात झालेली, म्हणून एकट्याने निघालेली आई. तिला धबधबा आठवत नाही. कोणी हिंदीत बोलले, कोणी गेटपर्यंत सोडले, एवढेच आठवते. आमच्या शेजारच्या काकू धडधाकट आहेत, रोज टेकडी चढतात. तरी विमानात बसायचे म्हटले, की व्हीलचेअर मागतात. पाय दुखतात म्हणून नव्हे. दोन विमानांमधल्या गर्दीत कोणत्या पाटीकडे वळायचे, इमिग्रेशनच्या खिडकीत काय सांगायचे, हे त्यांना एकटीने नको असते. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा हाच त्यांचा दुभाष्या, वाटाड्या आणि सोबती. अशा काकू, मावश्या, आजोबा भारतातून अमेरिकेला आणि इंग्लंडला जाणाऱ्या विमानांत पुष्कळ असतात. मग ज्याला खरोखर चालवत नाही, त्याच्या वाट्याला खुर्ची कमी पडते.

याची किंमत किती असू शकते, हे मुंबईतच दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाने आणि त्यांच्या पत्नीने व्हीलचेअर आधी नोंदवल्या होत्या. उतरल्यावर एकच मिळाली. मागणी फार असल्याने थांबण्याची विनंती केली होती, असे विमान कंपनीने सांगितले. पत्नीला खुर्चीत बसवून ते सोबत चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि त्यांचे निधन झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.

दंड विमान कंपनीला झाला, कारण आपल्या नियमांत ही जबाबदारी तिची आहे. अमेरिकेतही तसेच. युरोपीय संघाने मात्र २००६ च्या नियमाने ती विमानतळ चालवणाऱ्या संस्थेवर टाकली. फरक तांत्रिक वाटतो, पण एकाच इमारतीत डझनभर कंपन्यांनी आपापली माणसे आणि खुर्च्या ठेवायच्या, की ज्याने लांब रस्ता बांधला त्यानेच वृद्धाला तो पार करून द्यायचा, असा तो प्रश्न आहे. विमानतळाच्या गुणपत्रिकेत हा विषय ठळकपणे यायला हवा असेल, तर जबाबदारीही विमानतळाची असावी, असे मला वाटते.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्या मजुराचेही असेच. ज्या झगमगत्या टर्मिनलला पाच तारे मिळतात, त्याच टर्मिनलच्या फरशीवर पिशवी उशाला घेऊन तो पुढच्या विमानाची वाट पाहतो. प्रश्नावली त्याच्या भाषेत असेलच असे नाही, आणि आपल्या मताला किंमत आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून याद्या वाचायला माझी हरकत नाही, त्यांच्या धाकाने स्वच्छतागृहे सुधारतात हेही खरे. पण एखाद्या विमानतळाला चांगले म्हणण्याआधी मी आता तीन गोष्टी विचारते. इंग्रजी न येणारा माणूस कोणाला न विचारता गेटपर्यंत पोचेल का? ज्याला चालवत नाही, त्याला ठरल्या वेळी खुर्ची मिळेल का? आणि उशीर झाला, तर तो किती आणि का, हे कोणी सांगेल का? या तिन्हींना जिथे ‘हो’ मिळते, तिथे धबधबा नसला तरी चालेल. आणि पुढच्या वेळी गेटवर कोणी प्रश्नावली पुढे केली, तर ती शेजारी बसलेल्या आजींनाही वाचून दाखवावी. त्यांचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे निघण्याचा संभव फार आहे.