सहाशे रुपयांचा गणवेश आणि शाळेची ओळख

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या गणवेशाने गेल्या आठ-नऊ वर्षांत चार वेळा मालक बदलला. आधी शाळा व्यवस्थापन समिती, मग आई आणि मुलाचे संयुक्त बँक खाते, पुन्हा समिती, त्यानंतर थेट मंत्रालय. आणि 20 डिसेंबर 2024 च्या शासन निर्णयाने परत समिती. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही घोषणा जेमतेम एक शैक्षणिक वर्ष चालली. निर्णय फिरला, पण वादाचे मूळ जागच्या जागी आहे. शाळेची ओळख कोणी ठरवायची आणि तिचे पैसे कोणाच्या हातून खर्च व्हायचे, याचा निकाल अजून लागलेला नाही.

हिशेब आधी पाहिलेला बरा. समग्र शिक्षा अभियानात दर मुलामागे वर्षाला दोन गणवेशांसाठी 600 रुपये मिळतात, म्हणजे एका जोडाला 300. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. ही रक्कम सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांच्यासाठी असते. उरलेल्या मुलांचा खर्च 2023 पासून राज्याने उचलला आणि एक जोडी बूट व दोन जोडी पायमोज्यांसाठी दर मुलामागे 170 रुपयेही मंजूर केले. लाभार्थी सुमारे 45 लाख धरले, तर नुसत्या गणवेशाचा खर्च 270 कोटींच्या घरात जातो. एका मुलापुरती किरकोळ वाटणारी रक्कम राज्यभर एकत्र केली की मोठी निविदा होते. गणवेशावर मंत्रालयाची नजर वारंवार का वळते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या गुणाकारात सापडते.

रंगाचा वाद मात्र पैशाहून जुना आहे. पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, मुलींना पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट, हा वेश दिसला की मूल पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतले, हे रस्त्यावरचा माणूस ओळखत असे. त्या ओळखीला गरिबीचा शिक्काही चिकटला होता. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे बंधन आहे. गणवेशाचा निधी या समित्यांकडे आल्यावर अनेक शाळांनी खाकी सोडून चौकडीचे शर्ट घेतले, टाय-बेल्ट आणले. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे वळणारा पालक थांबवायचा, तर मूल तितकेच टापटीप दिसले पाहिजे, हे मुख्याध्यापकांना पुरते ठाऊक होते. समितीच्या बैठकीत टेबलावर कापडाचे नमुने पसरले जात आणि कोणता रंग मळखाऊ, कोणता धुण्यात टिकेल, यावर आयांचे मत चाले. सरकारी शाळेच्या कारभारात पालकांचा शब्द खरोखर मोजला जावा, अशा ज्या थोड्या जागा आहेत, त्यांतली ही एक.

पहिला धक्का 2017-18 मध्ये बसला. लाभ थेट खात्यात देण्याच्या धोरणानुसार गणवेशाचे त्या वेळचे 400 रुपये विद्यार्थी आणि आईच्या संयुक्त खात्यात जमा होणार होते. चारशे रुपयांसाठी खाते उघडायला बँकेत हेलपाटे, त्यात मजुरी बुडायची आणि कपडे आधी पदरमोड करून घ्यायचे. पालक वैतागले आणि निधी पुन्हा समितीकडे आला. पुढे 2018 मध्ये समग्र शिक्षा अभियान सुरू झाल्यावर चारशेचे सहाशे झाले. तेव्हापासून कापड महागले, शिलाई महागली. आकडा मात्र सहाशेवरच आहे.

दुसरा धक्का मोठा होता. 2023 मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी राज्यभर एकच गणवेश जाहीर केला: आकाशी शर्ट, गडद निळी पँट; मुलींसाठी त्याच रंगांत फ्रॉक, स्कर्ट किंवा सलवार-कमीज. शाळा उघडायच्या तोंडावर घोषणा झाली, तेव्हा अनेक समित्यांनी कापडाच्या ऑर्डरी देऊन टाकल्या होत्या. मग तोडगा निघाला की तीन दिवस शाळेचा गणवेश आणि तीन दिवस सरकारचा. प्रत्यक्ष अंमल 2024-25 मध्ये झाला. कापड राज्यस्तरावर खरेदी करायचे, नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचा आणि दुसरा, स्काऊट-गाईडचा गणवेश समितीने स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा, अशी वाटणी ठरली. शिलाई आणि अनुषंगिक खर्च मिळून एका गणवेशाला 110 रुपये.

योजनेचे घोडे अडले ते कात्रीपाशी. नियमित गणवेशाचे कापड ‘मायक्रो कटिंग’ करून, म्हणजे ठरावीक मापांत यंत्रावर कापून, गठ्ठ्यांनी पाठवायचे होते. पुढचा भाग, पाठ, बाह्या, कॉलर असे तुकडे वेगवेगळे, आणि शिवणाऱ्या बाईचे काम ते जोडण्यापुरते. कारखान्यात ही पद्धत उत्तम चालते, कारण तिथे गिऱ्हाईक मापाप्रमाणे कपडा निवडते. शाळेत उलटे असते. पाचवीच्या एकाच बाकावर अंगाने निम्मे-दुप्पट फरकाची दोन मुले बसतात, आणि फेब्रुवारीत घेतलेले माप जूनमध्ये तोकडे पडते. गल्लीतला शिंपी खांद्यापासून टेप लावतो, शिलाईत दोन बोटे कापड आत सोडतो आणि पुढच्या वर्षी तेच उसवून वाढवून देतो. आधीच कापून आलेल्या तुकड्यात ही सोय राहत नाही. कोणाची पँट घोट्याच्या वर, कोणाचा शर्ट गुडघ्यापर्यंत, कुठे पहिल्याच आठवड्यात उसवलेली शिवण, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. अनेक शाळांत स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झाले. बचत गटांना काम मिळावे, हा हेतू चांगला होता. पण 110 रुपयांत वेळेवर आणि नीट शिलाई मागणे ही त्या बायकांचीही कुचंबणा होती.

महिलांच्या हाताला काम आणि मुलांना कपडे, हे गणित जमतच नाही असे नाही. तमिळनाडूत समाजकल्याण विभागाच्या महिला शिवण सहकारी संस्था दशकानुदशके शाळेचे गणवेश शिवत आल्या आहेत. केरळने 2017 पासून सरकारी शाळांसाठी हातमागाचे कापड घ्यायला सुरुवात केली आणि विणकरांना वर्षभराची मागणी मिळवून दिली. दोन्हीकडे आधी यंत्रणा उभी राहिली, व्याप मागाहून वाढला. महाराष्ट्रात एका वर्षात 45 लाख मुलांचा पल्ला धरला गेला.

पुण्याचे चित्र यात थोडे वेगळे आहे. राज्याचे शिक्षण आयुक्तालय याच शहरात, मध्यवर्ती इमारतीत आहे. शहरातील पालिका शाळांचा कारभार मात्र महापालिकेचा. गणवेश, दप्तर, वह्या अशा वस्तूंच्या खरेदीवरून वर्षानुवर्षे आरोप झाल्यावर महापालिकेने 2017 च्या सुमारास वस्तूंऐवजी पालकांच्या खात्यात रक्कम देण्याचा मार्ग धरला. ठेकेदार बाजूला झाला, पण बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या, दर हंगामाला जागा बदलणाऱ्या कुटुंबाकडे सुरू असलेले बँक खाते आणि कागदपत्रे असतीलच असे नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा या खर्चावर सभागृहात प्रश्न विचारण्याची सोयही थांबली. त्यातच 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे शहरात आली. तिथल्या जिल्हा परिषद शाळांचे हस्तांतरण, शिक्षकांची सामावणूक, फलकावरचे नाव, हे सारे ओघाने आले. गाव शहरात गेले की शाळेची पाटी बदलते. वर्गखोल्या, शिक्षक आणि स्वच्छतागृहे यांचा प्रश्न पाटीच्या रंगाने सुटत नाही.

पाटीवरून आठवावी अशी आणखी एक योजना म्हणजे पीएम श्री. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत देशभरातील 14,500 शाळांसाठी पाच वर्षांत 27,360 कोटींची तरतूद आहे आणि निवडलेल्या शाळेच्या नावाआधी ‘पीएम श्री’ लावणे बंधनकारक आहे. तमिळनाडू आणि पश्चिम बंगालने तिला विरोध केला, महाराष्ट्र सहभागी झाला. पैसे देणाऱ्याचे नाव शाळेच्या कपाळावर येते, हे इथे उघड आहे. गणवेशाच्या बाबतीत ते रंगाच्या आडून घडते.

खासगी शाळांत हाच खर्च पालकाच्या खिशातून होतो. शाळेने बोधचिन्ह बदलले की शर्ट, टी-शर्ट, स्वेटर सगळेच नवे. ठरावीक दुकानाची सक्ती करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरीही बोधचिन्ह छापलेला कपडा एकाच विक्रेत्याकडे मिळत असेल, तर वेगळी सक्ती करायची गरज उरत नाही. उत्तर प्रदेशाच्या 2018 च्या शुल्क नियमन कायद्यात खासगी शाळांना सलग पाच वर्षे गणवेश बदलता येणार नाही, अशी तरतूद आहे. इंग्लंडने 2021 मध्ये गणवेशाच्या खर्चाबाबत कायदाच केला. शाळेचे चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवावेत आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय असावी, असे तिथले मार्गदर्शन सांगते. उलट टोकाला टोकियोतल्या गिन्झा भागातील ताइमेई ही सार्वजनिक प्राथमिक शाळा. तिने 2018 मध्ये अरमानी या फॅशन कंपनीने आखलेला गणवेश आणला. टोपी, दप्तर धरून पूर्ण संचाची किंमत 80 हजार येनच्या वर गेली आणि विषय जपानच्या संसदेपर्यंत पोहोचला.

समितीकडे अधिकार परत आले म्हणून सगळे मार्गी लागले, असे समजण्याचे कारण नाही. समितीतही पुरवठादार टक्केवारी घेऊन येतो, अध्यक्षाची सही मुख्याध्यापकाच्या सांगण्यावरून होते आणि निधी उशिरा आला की दुकानदाराकडे उधारी करावी लागते. तरी एक फरक मोठा आहे. समितीची चूक एका शाळेपुरती राहते आणि ती करणारा माणूस गावात सापडतो. मंत्रालयाची चूक एकाच वेळी हजारो शाळांत जाते आणि जाब विचारायला कोणी समोर नसते. त्यामुळे अधिकार समितीकडेच राहावेत. मात्र दर बाजारभावाशी जोडलेला असावा, पैसे मार्चअखेर खात्यात यावेत आणि गणवेशाचा रंग किमान पाच वर्षे बदलू नये. खरेदीची पावती शाळेच्या फलकावर लावायला तर एका टाचणीपलीकडे खर्चही नाही.