ज्यांना मास्क लावता येत नाही

कोविडच्या साथीत शाळा कधी उघडायच्या यावर रकानेच्या रकाने भरले. मॉल, जिम, मंदिरं, नाट्यगृहं, सगळ्यांची बाजू मांडायला कुणी ना कुणी होतं. पण पणत्या रंगवणाऱ्या, राख्या आणि कागदी पिशव्या करणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रौढांच्या कार्यशाळा कधी उघडणार, हे विचारत होते ते त्यांचे आईवडील. त्यातले कितीतरी स्वतःच साठी ओलांडलेले.

घाई नको म्हणायलाही सबळ कारण होतं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या लाटेचा हिशेब मांडला. वय आणि लिंगाचा फरक वजा केल्यावरही बौद्धिक अक्षम व्यक्तींमध्ये कोविडमृत्यूंचं प्रमाण इतरांच्या किमान चौपट भरलं. १८ ते ३४ या वयात तर ते तीसपट होतं. ८२ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्यांना मृत्यूचा धोका दहापट दिसला. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. विषाणूविरुद्ध धोक्याची घंटा वाजवणाऱ्या इंटरफेरॉनच्या सहापैकी चार ग्राहींची (रिसेप्टरची) जनुकं नेमकी याच गुणसूत्रावर आहेत. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणाऱ्या एका विकराचं जनुकही तिथेच. हृदयाचे आणि श्वसनाचे जन्मजात त्रास असतात ते वेगळेच.

म्हणून केंद्रं बंदच ठेवावीत? बंद दाराआड धोका शून्य होतो हा गैरसमज आहे. आखलेला दिवस मोडला की स्वमग्न व्यक्ती सैरभैर होते, वर्षानुवर्षं सरावाने आलेली कौशल्यं निसटतात आणि सगळा भार थकलेल्या आईवर पडतो.

खरी अडचण अशी की साथीतले आपले बहुतेक नियम माणसाच्या समजूतदारपणावर उभे होते. मास्क लावा, सहा फूट लांब राहा. ज्याला घास भरवावा लागतो, त्याच्यापासून सहा फूट लांब कसं राहणार? ज्याला कानामागची दोरी सहन होत नाही, त्याला मास्क कसा लावणार? जो नियम माणसाला पाळता येत नाही, तो खोलीने पाळायला हवा, असं माझं मत आहे.

खोलीचा नियम म्हणजे हवा. आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के, म्हणजे दहा लाख कणांमागे ४०,००० कण, कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२०च्या आसपास. हातात मावणारं मापकयंत्र खोलीत ८०० दाखवत असेल, तर तुम्ही घेत असलेल्या हवेचा साधारण एक टक्का कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. आकडा २,००० वर गेला की जवळजवळ चार टक्के, म्हणजे दर पंचविसावा श्वास उसना! छताचा पंखा ही हवा नुसती ढवळतो, बदलत नाही. घरातला नेहमीचा एसी तीच हवा गार करून परत देतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर हवा वाहते. खिडक्या नसतील तर चौकोनी पंख्याला भोवतीने जाड फिल्टर चिकटवून केलेली, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाची पेटी २०२० पासून अमेरिकेत अनेकांनी घरच्या घरी बनवली.

सकाळची प्रार्थना आणि गाणी अंगणात घ्यावीत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत अडीच तासांच्या गायनसरावाला ६१ जण जमले. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. आवाज चढतो तसे तोंडातून जास्त कण उडतात.

दुसरा भाग गणिताचा. तीस जण एकत्र बसले तर परस्पर भेटीच्या जोड्या होतात ४३५. त्यांचेच सहा-सहांचे पाच गट केले की जोड्या उरतात फक्त ७५. मात्र जेवण, स्वच्छतागृह आणि सकाळची व्हॅन सामाईक राहिली तर हे गणित कागदावरच राहतं. आणि शिक्षिका किंवा मावशी एका गटातून दुसऱ्या गटात फिरल्या तरीही. इंग्लंडच्या वृद्धाश्रमांच्या पाहणीत बदली कर्मचारी वारंवार वापरणाऱ्या ठिकाणी संसर्ग अधिक आढळला. आजारपणाची पगारी रजा देणाऱ्या ठिकाणी कमी. मावशींना तापात घरी राहणं परवडलं पाहिजे, ही गोष्ट सॅनिटायझरच्या बाटल्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची. आपल्याकडे हात धुण्याचे फलक भरपूर लागले, रजेचा फलक कुठे दिसला नाही.

चाचणीतही माणसाकडे बघून मार्ग काढता येतो. नाकात काडी घालू न देणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये सहा विशेष शाळांत लाळेची साप्ताहिक चाचणी सुरू झाली, विद्यार्थी आणि कर्मचारी दोघांची. मास्कचंही तसंच. आधी हातात धरायचा, मग गालाला लावायचा, मग आवडत्या गाण्याच्या एका कडव्यापुरता घालायचा. काहींना जमतं, काहींना कधीच जमत नाही. त्यांच्यासाठी जवळच्या माणसाने एन-९५ लावावा आणि भरवताना समोर न बसता बाजूला, खिडकीपाशी बसावं.

लशीच्या रांगेत आपण थोडे चुकलो. १ मार्च २०२१ पासूनच्या सहव्याधींच्या यादीत बौद्धिक अक्षमता होती खरी, पण अट ४५ ते ५९ वयाची. कार्यशाळेतली पंचविशीतली मुलंमुली १ मेपर्यंत थांबली. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी अखेरीसच नोंदणी झालेल्या सर्व बौद्धिक अक्षम प्रौढांना प्राधान्य मिळालं होतं. पुढच्या साथीत ही वयाची अट आधीच काढून ठेवायला हवी.

दिवाळीत पणत्या घ्यायला अशा एखाद्या कार्यशाळेत जाल, तेव्हा खिडक्या उघडतात का ते जरूर बघा. गंजून बसल्या असतील तर सुताराचे पैसे देऊन या.